घाट उतरणारी वाट

माळव्यात स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांचे कुळवृत्तांत चाळले, तर एका विशिष्ट घाटणीचे वाक्य त्यांत हमखास भेटते. मूळ पुरुष अमुक सरदारांबरोबर नर्मदा ओलांडून माळव्यात आले, असे ते वाक्य असते, आणि लगेच पुढच्या ओळीत त्यांना मिळालेल्या इनामाचा, कमाविशीचा किंवा वाड्याचा उल्लेख सुरू होतो. नर्मदा आणि माळवा ही दोन नावे अशी शेजारी शेजारी बसवताना मधली एक उभी भिंत लिहिणाऱ्याच्या हातून निसटून जाते. नर्मदा वाहते ती निमाडात, सखल आणि उन्हाने तापलेल्या प्रदेशात. माळवा आहे तो पठारावर. महेश्वरची उंची समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरांच्या आसपास, तर महूची साडेपाचशेच्या वर. महेश्वरहून उत्तरेकडे निघाले की थोड्याच वेळात विंध्याद्रीची कड समोर उभी राहते, आणि ती चढून गेल्याखेरीज माळवा सुरू होत नाही. नदी नावेने एका दिवसात ओलांडता येई. बैल, तोफा, बायकामुले आणि देवघराच्या पेट्या घेऊन कड चढणे हे निराळे काम होते.

ही कड मी नोकरीच्या काळात शेकडो वेळा चढलो-उतरलो, पण सरकारी जीपमधून. हातात फाईल, मनात पुढच्या गावची बैठक आणि चालकाला वळणांवर जपून चालवण्याची सूचना, एवढाच माझा आणि घाटाचा संबंध होता. निवृत्तीनंतर जीप गेली. स्वतःची मोटार चालवण्याचा उत्साह मला कधीच नव्हता. त्यामुळे बस आणि आगगाडी यांच्या आधाराने, काठी घेऊन, या वाटा पायी पाहण्याचा योग आला. त्या चालण्यातून एक साधी गोष्ट लक्षात आली, ती आपल्या मंडळींपुढे ठेवावी म्हणून हा लेख.

गोष्ट अशी की, घाटाला दोन टोके असतात. वरून उतरणाऱ्याला खालच्या टोकाशी पोहोचून पुढे जायचे असते. जो मोटार वर उभी करून उतरेल, त्याला तीच कड पुन्हा चढून मोटारीपाशी यावे लागेल. म्हणून मोटारवाला उतरतच नाही. तो काठावर उभा राहतो, दरीचे छायाचित्र घेतो, भुट्टा खातो आणि परत फिरतो. इंदूरच्या आसपासचा सबंध विंध्याद्री आज अशा काठांचा झाला आहे. तिंछा, मेहंदी कुंड, बामनिया कुंड, जोगी भडक ही नावे घराघरांतल्या तरुणांना पाठ आहेत, आणि ती सारी काठावरची ठिकाणे आहेत. घाट उतरून पलीकडे जाणे ही कल्पनाच लोपत चालली आहे. ती टिकवायची तर माणसाला एका टोकाशी सोडणारे आणि दुसऱ्या टोकाशी उचलून घेणारे सार्वजनिक वाहन हवे.

आधी दगडाविषयी थोडे सांगतो, कारण मला स्वतःला ते उशिरा कळले. विंध्याद्री म्हटले की तांबूस वालुकाश्म डोळ्यांपुढे येतो, पण महू, मानपूर, मांडू या पट्ट्यात पायाखाली लागतो तो काळा अग्निज खडक. दख्खनच्या पठाराचा आणि सह्याद्रीचा जो दगड, तोच हा. नाव विंध्याचे, पण दगड आपल्या ओळखीचा. बोरघाट किंवा खंबाटकी पाहिलेल्या माणसाला इथले कडे, त्यांचे थर, पावसाळ्यात त्यांवरून सुटणाऱ्या धारा हे सारे ओळखीचे वाटावे. आपल्या पूर्वजांनाही तसे वाटले असेल, अशी माझी समजूत आहे. फौजेतल्या माणसाला घाट कसा बांधावा, कुठे अडवावा आणि कुठून टाळावा याचे शिक्षण सह्याद्रीने आधीच दिले होते.

त्या शिक्षणाचा एक प्रत्यय १७२८ सालचा आहे. माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर अमझेऱ्याजवळचा घाट रोखून बसला होता, मराठे तिथूनच वर येणार या अंदाजाने. चिमाजी आप्पांची फौज नर्मदा ओलांडून मांडूच्या बाजूने वर चढली आणि २९ नोव्हेंबर रोजी अमझेऱ्यापाशी त्याच्यावर तुटून पडली. गिरधर बहादूर आणि त्याचा नातलग दया बहादूर दोघेही त्या दिवशी मारले गेले. आपल्या इतिहासलेखनात या लढाईचे वर्णन तलवारीच्या अंगाने होते. घाटाच्या अंगाने पाहिले तर निकाल आदल्या काही दिवसांतच, वाट कोणती धरायची या निर्णयातच बराचसा लागला होता. मांडूच्या दक्षिण अंगाला पंधराव्या शतकाच्या आरंभी बांधलेला तारापूर दरवाजा आजही आहे, आणि तिथून निमाडात पायवाट उतरते. इंदूरच्या गंगवाल बसस्थानकावरून धारला आणि धारहून मांडूला बस मिळते. रूपमतीच्या छत्रीवरून निमाड पाहून परतणारे पुष्कळ. तारापूरकडे वळणारे क्वचितच, आणि जे भेटतात ते बहुधा नर्मदेचे परिक्रमावासी, रेवाकुंडाचे दर्शन घेऊन निघालेले. ही वाट मी एकदाच, गावातला एक वाटाड्या घेऊन, अर्ध्यापर्यंत पाहिली. तिच्याविषयी अधिक लिहिण्याचा अधिकार मला नाही.

जामच्या घाटाविषयी मात्र लिहिता येईल.

१७६६ साली मल्हारराव गेले, १७६७ साली त्यांचा नातू मालेराव गेला. गादीवर हक्क सांगू पाहणारे राघोबादादा क्षिप्रेपर्यंत येऊन माघारी गेले, ही कथा आपल्या घरांत लहान मुलांनाही ठाऊक असते. त्यानंतर अहिल्याबाईंनी आपले राहणे महेश्वरास केले. नर्मदेच्या भक्तीपलीकडे त्या निवडीला भूगोलाचाही आधार असावा, असे मला वाटते. दक्षिणेकडे पुण्याचा रस्ता मोकळा, पाठीशी विंध्याद्रीची तटबंदी. परंतु याच निवडीने एक अडचण उभी केली. राज्याची राजधानी खाली निमाडात आणि वसुलाचा मोठा मुलूख वर माळव्यात, अशी ती अवस्था. इंदूर, सांवेर, देपालपूर, महिदपूर सारे पठारावर. जासूद, वसुलीच्या रकमा, फिर्यादी रयत, व्यापाऱ्यांचे तांडे यांना कड उतरून महेश्वर गाठावे लागे. म्हणजे १७६७ ते १७९५ या अठ्ठावीस वर्षांत होळकरांच्या कारभारात घाटाला दरबाराच्या उंबरठ्याचे स्थान होते.

महूहून मंडलेश्वरकडे जाणारा रस्ता सुमारे तीस किलोमीटरांवर कडेशी येतो, तिथे जाम दरवाजा उभा आहे. काळ्या दगडाची भक्कम कमान, वर झरोक्यांची माडी. त्यावरच्या शिलालेखात अहिल्याबाईंचे नाव आहे आणि बांधकामाचा काळ इसवी सन १७९१ येतो. म्हणजे त्यांच्या निधनाच्या चार वर्षे आधीचा. जवळच पार्वतीचे देऊळ आहे. पावसाळ्यात ढग दरीतून वर येऊन दरवाजात शिरतात, आणि त्या दिवसांत रविवारी तिथे इतकी वाहने जमतात की मंडलेश्वरची बस अर्धा तास अडकून पडते.

जमलेली सारी मंडळी पाहतात तो दरवाजा. पण अहिल्याबाईंचे काम म्हणजे केवळ दरवाजा, असे समजणे ही माझ्या मते मोठी चूक आहे, आणि तिला उत्तम साक्षीदार आहे तो परका. सर जॉन माल्कम हा १८१८ नंतर माळव्याचा कारभार पाहत होता. त्याचे मध्य हिंदुस्थानावरचे पुस्तक १८२३ साली प्रसिद्ध झाले. अहिल्याबाईंविषयी त्याने किती आदराने लिहिले आहे हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या बांधकामांची गणना करताना तो देवळे, धर्मशाळा, विहिरी यांच्याबरोबर किल्ले सांगतो आणि जामचा उल्लेख खास करतो. पर्वत जिथे जवळजवळ सरळसोट उभा आहे, तिथे पुष्कळ श्रम व पैसा खर्चून त्यांनी रस्ता काढला, असे त्याच्या नोंदीचे तात्पर्य आहे. हे लिहिणारा माणूस फौजी होता, आणि रस्ता किती कठीण जागी काढला आहे हे त्याला कळत होते. माल्कमने वाखाणला तो रस्ता. दरवाजा हे त्या रस्त्याचे वरचे टोक, चौकीची जागा. आपण टोक जपले आणि रस्ता विसरलो. अहिल्याबाईंच्या पुण्यतिथीला आपल्या संस्थांत जी भाषणे होतात, त्यांत काशी, गया, सोमनाथ यांची नावे येतात आणि ती यावीतच. घरापासून साठ किलोमीटरांच्या आत त्यांनी डोंगर फोडून काढलेली वाट मात्र त्या यादीत मी फारशी ऐकली नाही.

ही वाट उतरण्यासाठी सकाळी लवकर निघावे लागते. इंदूरहून महूपर्यंत आगगाडी आहे, बसगाड्याही पुष्कळ. ज्या सरवटे बसस्थानकावरून आपण निघतो, ते नाव संविधान सभेचे सदस्य असलेल्या विनायक सीताराम सरवटे यांचे, हे नव्या पिढीतल्या मराठी मुलांनाही सांगावे लागते, म्हणून येथे सांगून टाकतो. महूला मंडलेश्वरकडे जाणारी खाजगी बस पकडायची आणि वाहकाला आधीच सांगून ठेवायचे की दरवाजापाशी उतरायचे आहे. पहिल्या खेपेस मी तिकीट मागितले तेव्हा वाहकाने विचारले, "बाबूजी, वापसी कितने बजे की?" मी म्हटले, वापसी नाही, खाली उतरून पुढे महेश्वरला जाणार. त्याने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिले आणि चालकाला हाक मारून ही बातमी दिली. दरवाजापाशी बस थांबली तेव्हा दोघांनीही पाण्याची बाटली आहे ना, याची खात्री करून घेतली.

दरवाजातून पुढे गेल्यावर डांबरी सडक मोठमोठी वळणे घेत उतरते. पायवाट ती वळणे तोडून जाते. काही ठिकाणी ती सडकेला येऊन मिळते, पुन्हा सोडून जाते. खालून वर येणारी माणसे हीच वाट वापरतात. डोक्यावर मोळी किंवा हातात कोंबडी घेतलेल्या भिलाल्यांच्या बायका माझ्याकडे आश्चर्याने पाहून गेल्या. पळस आणि साग दोन्ही बाजूंना. पळसाला इथले लोक खाकरा म्हणतात. उतरताना हवेत होणारा बदल अंगाला कळतो. वर दरवाजात जानेवारीच्या सकाळी उपरणे घट्ट लपेटावे लागले, खाली पोहोचेपर्यंत ते पिशवीत गेले होते. भाषाही बदलते. वरची माळवी सोडून निमाडी कानांवर पडू लागते. वाटेत जलविभाजक आपण ओलांडलेला असतो, तोही ध्यानात ठेवावा. पलीकडे पडलेले पाणी चंबळेतून यमुनेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जाते, अलीकडचे नर्मदेतून पश्चिम समुद्राला.

माझ्या चालीने अडीच तास लागले. गुडघे तक्रार करू लागले तेव्हा एका वळणावर बसलो आणि मनात हिशेब केला. भरल्या बैलाला हा उतार किती वेळ लागत असेल, पालखीच्या भोयांना किती, आणि वर चढताना त्याच्या किती पट. जीपमधून असा हिशेब मला तीस वर्षांत सुचला नव्हता.

जामचा घाट पुढे मागे पडला. १८१८ च्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला, राजधानी इंदुरास आली आणि महेश्वर आडबाजूला गेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई-आग्रा रस्ता तयार झाला तो मानपूरच्या बाजूने घाट चढला. त्याच रस्त्यावर उतरून जानापावचा डोंगर चढता येतो. त्याची उंची ८५४ मीटर, तिथे चंबळेचा उगम, परशुरामाच्या जन्माची कथा, कार्तिकी पौर्णिमेची जत्रा. चढाई चांगली आहे, परंतु ती एका शिखराची, घाटाची नव्हे. आता वरपर्यंत सडकही झाली आहे.

मग आली आगगाडी. दुसरे तुकोजीराव होळकर यांनी या मार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये दिले, साडेचार टक्के व्याजाने, एकशे एक वर्षांच्या मुदतीने. एका संस्थानिकाने साम्राज्याला कर्ज देण्याचा हा व्यवहार आपल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात अभिमानाने येई. खांडव्याहून निघालेला हा मीटरगेज मार्ग १८७४ पासून टप्प्याटप्प्याने पुढे सरकत, नर्मदेवर पूल घालून, १८७८ पर्यंत इंदुरास पोहोचला. त्यातला सर्वांत अवघड तुकडा पाताळपाणी ते कालाकुंड हा, जेमतेम साडेनऊ किलोमीटरांचा. चाळीसास एक असा चढ, चार बोगदे, चोरल नदीची दरी उजवीडावीकडे. खालून येणाऱ्या गाडीला कालाकुंडला मागून दुसरे इंजिन जोडावे लागे. तेवढ्या अवधीत प्रवासी खाली उतरत आणि पळसाच्या पानांत बांधलेला कलाकंद घेत. गावाच्या नावावरून मिठाई की मिठाईवरून गाव, असा विनोद प्रत्येक कुटुंबात प्रत्येक प्रवासात होई. आमच्या घरात तो माझ्या आजोबांच्या नावावर होता, आणि पुढे लक्षात आले की प्रत्येक घरात तो कोणा ना कोणा आजोबांच्या नावावर असतो.

या मार्गाने माळव्यातल्या मराठी माणसाचा नकाशा घडवला. ओंकारेश्वराला जायचे तर ओंकारेश्वर रोड स्थानक, महेश्वरला जायचे तर बडवाहला उतरून पुढे बस. स्वातंत्र्यानंतर खांडव्याचा दुवा अकोला, पूर्णेकडे जोडला गेला तेव्हा हैदराबादच्या काचीगुड्यापर्यंत एकाच गाडीने जाता येऊ लागले. मीनाक्षी एक्सप्रेसचे नाव काढले की हैदराबादेतले आणि इंदुरातले वृद्ध अजूनही सारख्याच उत्साहाने बोलू लागतात. वऱ्हाडातली, मराठवाड्यातली सोयरीक या मार्गावर जुळली आणि टिकली.

पाताळपाणीला तंट्या भिल्लाचे ठाणे आहे. ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरला त्याला फाशी झाली. त्याचे शव इथे आणून टाकले, अशी लोकांची श्रद्धा आहे, आणि गाडीचे चालक तिथे क्षणभर गाडी थांबवून नमस्कार करीत. आपल्या घरांत तंट्याची गोष्ट शौर्यकथा म्हणून सांगितली जाते. त्याने ज्यांना लुटले ते सावकार आणि मालगुजार होते, आणि त्यांत आपल्यासारख्या बाहेरून येऊन जमिनी मिळवलेल्या घराण्यांचाही भरणा असणार, हे गोष्ट सांगणारे सहसा सांगत नाहीत. घाटाच्या जंगलातली माणसे आपल्या येण्याकडे कशी पाहत असतील, याचा विचार त्या ठाण्यापाशी उभे राहून एकदा करावा.

गाडी होती तेव्हा पाताळपाणी-कालाकुंड ही पायी उतरण्याची सर्वांत सोपी वाट होती. सकाळच्या गाडीने पाताळपाणी, धबधब्याचे दर्शन, मग रुळांपासून दूर राहून दरीच्या अंगाने, गावकऱ्यांच्या पायवाटेने कालाकुंड, आणि संध्याकाळच्या गाडीने परत. वाट चुकली तरी इंजिनाची शिटी दिशा सांगे. रुळांवरून व बोगद्यांतून चालणारे महाभाग तेव्हाही होते आणि आजही आहेत. तो गुन्हा तर आहेच, शिवाय जिवाशी खेळ आहे. धबधब्याच्या कुंडात उतरण्याचे तर नावच काढू नये. १७ जुलै २०११ रोजी अचानक आलेल्या लोंढ्यात तिथे माणसे वाहून गेली, ते दृश्य सबंध देशाने पाहिले.

२०२३ च्या जानेवारीअखेर महूहून ओंकारेश्वर रोडला जाणारी मीटरगेज गाडी बंद झाली. रुंदीकरणासाठी ती बंद होणे अपरिहार्य होते, आणि मला रुंदीकरणाविरुद्ध काही म्हणायचे नाही. नव्या ब्रॉडगेजला एवढा तीव्र चढ चालत नाही, म्हणून ती घाटात वेगळ्या, लांबच्या मार्गाने नेली जात आहे. जुना पाताळपाणी-कालाकुंड तुकडा वारसा म्हणून राखला आहे. त्यावर २५ डिसेंबर २०१८ पासून सुरू झालेली सहलीची गाडी हंगामात धावते. मोठ्या काचांचे डबे आहेत, सेवकवर्ग सौजन्याने वागतो. मी तीत बसलो आणि आनंद झाला, हे मान्य केले पाहिजे. पण ती गाडी कालाकुंडला नेते आणि तिथून परत आणते. ती कुठे जात नाही. पूर्वी कालाकुंडच्या दूधवाल्याला महूला नेणारी, शाळेच्या मुलाला परीक्षेला नेणारी आणि मला पाठीवर पिशवी घेऊन उतरवणारी गाडी एकच होती. या गावाला रेल्वे हाच खरा रस्ता होता. आता सहलीच्या दिवशी फलाटावर कलाकंदाची पाने उघडतात, इतर दिवशी स्टेशन शांत असते.

बसचीही कथा फार निराळी नाही. मध्य प्रदेशात राज्य परिवहन महामंडळ गुंडाळण्याचा निर्णय २००५ साली झाला आणि पुढच्या काही वर्षांत रोडवेजची लाल पाटी दिसेनाशी झाली. शासनाचा नोकर म्हणून त्या महामंडळाचे तोटे मी कागदावर पाहिले आहेत, त्यामुळे त्याच्यासाठी गळा काढणे मला शोभणार नाही. खाजगी बसवाले मुख्य रस्त्यांवर चांगली सेवा देतात, जामच्या रस्त्यावरही देतात. फरक आडवाटेच्या शेवटच्या फेरीत पडतो. सहा उतारूंसाठी अंधार पडताना कोणी गाडी सोडत नाही, आणि पायी उतरणाऱ्याची सारी मदार त्या शेवटच्या फेरीवर असते. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सार्वजनिक बससेवेची नवी योजना मंजूर केली आहे. तिच्या मार्गांत अशा फेऱ्या धराव्यात, यासाठी आपल्या संस्थांनी एखादे निवेदन द्यायला हरकत नाही. आपण निवेदने पुष्कळ देतो, बहुतेक सभागृहाच्या भाड्यासंबंधी.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी. मे महिन्यात निमाडाकडे पायी उतरू नये, ऊन असह्य असते. भर पावसात दगड निसरडे होतात आणि ओढे अचानक फुगतात. दसऱ्यापासून माघापर्यंतचा काळ उत्तम, त्यातही सीताफळांच्या दिवसांत वाटेवर फळे विकायला बसलेल्या बायका भेटतात आणि भाव करण्याची इच्छा होत नाही. एकट्याने जाऊ नये. साठी उलटलेल्यांनी काठी आणि टोपी घ्यावी, आणि उतरण चढणीपेक्षा सोपी असते हा गैरसमज घरी ठेवून निघावे. शेवटच्या बसची वेळ महूलाच विचारून घ्यावी, दोघांना विचारावी, आणि त्यांतली अलीकडची खरी मानावी.

त्या पहिल्या दिवशी घाट संपवून सडकेच्या कडेला एका चहाच्या टपरीवर बसलो होतो. टपरीवाल्या म्हाताऱ्याने विचारले, "गाडी कहाँ छोड़ी?" गाडी नाही म्हटल्यावर त्याचा विश्वास बसेना. कुठून आलात, तर दरवाजातून पायी, कुठे निघालात, तर महेश्वरला. तो थोडा वेळ चहा ढवळत राहिला आणि मग म्हणाला की त्याच्या लहानपणी त्याचा बाप कापूस विकायला याच वाटेने वर जाई, आणि महूची माणसे नर्मदास्नानाला याच वाटेने खाली येत. पर्वणीला टपरीच्या जागेवर रात्रभर शेकोट्या असत. त्या माणसांत कोण कोण असे, असे मी विचारले. "सब आते थे," तो म्हणाला, "आपके मराठी लोग भी, बैलगाड़ी घाट के ऊपर छोड़कर." एवढ्यात मंडलेश्वरची बस आली. वाहक सकाळचाच होता. त्याने मला ओळखले, आणि पुढची जागा रिकामी करून दिली.